एक म्हणून ठेवतो

आमच्या मामांनी आजवर कुणाला ‘काळजी घे’ म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणी गावाला निघालं, कुणाची परीक्षा आली, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की ते चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे एकदा नीट बघतात आणि म्हणतात, ‘बरं. एक म्हणून ठेवतो.’ एक म्हणजे एक रामरक्षा. पोस्टात पैसे ठेवावेत तशी ती तुमच्या नावावर पडते. तुम्ही मागितलेली नसते, पावती मिळत नाही आणि नको म्हणायची सोय नसते. मी एकदा म्हणून पाहिलं, ‘मामा, नुसता पुण्याला तर चाललोय.’

‘म्हणून तर एकच,’ मामा म्हणाले.

असा माणूस प्रत्येक गोतावळ्यात एखादा असतो. माझ्या सासरेबुवांच्या घरी आत्याबाई आहेत, त्यांचा भर देवीकवचावर. शेजारच्या काकूंकडे कुणाला ताप आला की गुरुचरित्राचा चौदावा अध्याय निघतो, तोच तो सायंदेवाचा. हनुमान चालीसा म्हणत लोकलच्या दारात लोंबकळणारे तर मुंबईत रोज हजारांनी असतील. मामांना यातल्या कुणाचंच वावडं नाही. ‘ज्याचा त्याचा फीडर,’ म्हणतात. ‘सप्लाय एकच.’

ही भाषा बोर्डातली. मामा चिपळूणचे आणि वीज मंडळातले. हेल्पर म्हणून चिकटले, लाइनमन झाले, २०१५ साली निवृत्त झाले. मधे २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, नावं बदलली, पाट्या बदलल्या, पण मामांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च आहे. कोकणातल्या पावसात, शेवाळलेल्या खांबावर, खाली चिखल आणि वर काळोख अशा अवस्थेत पस्तीसेक वर्षं चढलेला हा माणूस. त्यांना भित्रा म्हणायची आमची कुणाची छाती नाही. तरीही बसच्या खिडकीशी बसून पुटपुटणारे ओठ पाहिले की अनोळखी माणसाला वाटतं, बिचारे घाबरलेत.

घाबरलेले नसतात. हिशोब पूर्ण करत असतात.

बोर्डातला एक नियम ते आम्हा भाच्यांना लहानपणापासून ऐकवत आलेत. सबस्टेशनमधून परमिट घेतल्याशिवाय, म्हणजे लाइन बंद केली असं लेखी हातात आल्याशिवाय, खांबाला हात लावायचा नाही. परमिट मिळालं तरी तार जमिनीला जोडल्याशिवाय तिला शिवायचं नाही. हे सगळं झालं की मग रामरक्षा. क्रम चुकवायचा नाही. त्यांच्याबरोबरचा एक तरुण पोरगा एकदा परमिटाची वाट न बघता, ‘मामा, मी मारुतीचं नाव घेतलंय,’ असं म्हणून चढायला लागला, तेव्हा मामांनी त्याला पँटच्या पट्ट्याला धरून खाली ओढला होता. ‘मारुतीने परमिट दिलंय का तुला? दाखव,’ असं विचारल्याचं मामा आजही तेवढ्याच रागाने सांगतात.

हा क्रम त्यांनी घरातही आणला. रात्री दाराला आडणा, वर कडी, खाली कुलूप. कुलूप लावून झाल्यावर ते ओढून बघायचं, दोन पावलं चालायचं, परत येऊन ओढून बघायचं. गॅसचा कॉक. गच्चीचं दार. उशाशी टॉर्च, टॉर्चशेजारी शिट्टी. आणि मग अंथरुणावर मांडी घालून रामरक्षा. मामी गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारते आहे, ‘अहो, रामाला सांगायचंच आहे तर कुलूप कशाला ओढून बघता? आणि कुलूप ओढून बघितलंय तर रामाला कशाला उठवता?’

‘कुलूप माझं काम,’ मामा म्हणतात. ‘आपलं काम त्याच्या गळ्यात घालायचं नाही.’

लहानपणी सुट्टीत आम्ही मामाकडे असायचो. जुनं घर, मागे पडवी, पडवीच्या पलीकडे पंधरा-वीस पावलांवर संडास, आणि वाटेत एक फणस. दिवसा ज्या फणसावर आम्ही लोंबायचो तो रात्री आमच्यावर लोंबायला बघायचा. एकट्याने जायची माझी हिंमत होत नसे. इतर घरांतले मोठे लोक ‘भूतबित काही नसतं’ असं सांगून मोकळे होत. मामांनी असलं काही सांगितलं नाही. हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, ‘जाताना पहिल्यापासून सुरू कर. दिसतं त्याला टॉर्च, दिसत नाही त्याला रामरक्षा.’ मी गेलो. परत येईपर्यंत फक्त विनियोग संपला होता, इतका जोरात पळालो होतो. मामा पडवीच्या पायरीवर बसून उरलेली म्हणत होते.

रामरक्षेचे श्लोक अडतीस. मामांच्या चालीत ती सात मिनिटांत होते आणि मामांना वेळ मोजायचं हे एकच माप ठाऊक आहे. एसटी स्टँडपासून बहादूरशेख नाका, रहदारी असेल तर दोन रामरक्षा. कुंभार्ली घाट चार, पाऊस असेल तर पाच आणि एक भीमरूपी. कुकरची शिट्टी झाल्यावर डाळ किती वेळ ठेवायची हे मामी तिच्या माहेरच्या सुनेला सांगत होती, तर पलीकडून मामाच बोलले, ‘एक रामरक्षा आणि फलश्रुती दोनदा.’ करोनाची लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगायचे, आठवतंय ना? भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता मामा बरोबर चार रामरक्षांनी उठले आणि तिथल्या नर्सबाईंना म्हणाले, ‘झाला अर्धा तास.’ झाला होता.

म्हणताना मधे बोलायचं नाही हा नियम. पण घर तर चालवायचं असतं. त्यामुळे मामांनी स्वरांचीच एक भाषा तयार केली आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना, अगदी मांजरालाही, कळते. श्लोक अचानक चढ्या आवाजात गेला की दूध उतू जातंय. एकाच चरणावर रेंगाळले की दारात कुणीतरी उभं आहे. ‘हूं’कार घालून दोन श्लोक भराभर म्हटले की फोन वाजतोय, उचला. आणि आवाज एकदम मऊ, समजूतदार झाला की समजावं, कुणीतरी चहाचा कप शेजारी आणून ठेवलाय. एका दिवाळीला मी फराळाच्या डब्यातून तिसरी करंजी काढली तेव्हा देवघरातून रावणाचा उल्लेख असलेला चरण असा काही कडाडला की मी ती परत ठेवली.

खरी गंमत मात्र कवचाच्या भागात आहे. ज्यांना रामरक्षा येते त्यांना ठाऊक आहे, तिच्यात शरीराचा एकेक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवलेला असतो. मस्तक राघवाकडे, डोळे कौसल्येच्या मुलाकडे, कान विश्वामित्राच्या आवडत्या शिष्याकडे. मामांच्या मते ही सबडिव्हिजनांची वाटणी आहे. तक्रार कुठे नोंदवायची हे माहीत असलं की काम लवकर होतं. म्हणून ते रामरक्षा सरसकट म्हणत नाहीत. पेशंट बघून त्या-त्या जागी जोर देतात. माझ्या बहिणीची तोंडी परीक्षा होती तेव्हा जिभेवर जोर, कारण जीभ विद्यानिधीकडे. मावसभाऊ गाण्याच्या स्पर्धेला निघाला तेव्हा कंठावर. कंठ भरताला वंद्य असलेल्या रामाकडे आहे आणि भरत हा मामांचा सगळ्यात लाडका माणूस. ‘चौदा वर्षं ऑफिसर नसताना ऑफिस चालवलं त्याने,’ म्हणतात, ‘आणि खुर्चीत बसला नाही.’

मामीचे गुडघे दुखतात. गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे. यावर मामांचं सविस्तर भाष्य आहे. ‘कोणाकडेही दिले नाहीत बघ. ज्याने समुद्रावर पूल घातला त्याच्याकडे दिले. सांध्याचं काम आहे ते, सांध्यातल्या माणसालाच कळणार. ऋषी साधा नव्हता.’ ऋषी म्हणजे बुधकौशिक. शंकराने स्वप्नात येऊन सांगितलं आणि त्यांनी सकाळी उठल्याबरोबर लिहून काढलं, असं स्तोत्रातच आहे. या गोष्टीचं मामांना भारी कौतुक. त्यांना स्वप्नाचं काही विशेष वाटत नाही. सकाळी उठल्याबरोबर लिहून काढलं, चहा-बिहा नंतर, याचं वाटतं. ‘रिपोर्ट असाच लिहायचा असतो. दुपारपर्यंत थांबलं की माणूस स्वतःचं घालतो त्यात.’

मधे त्यांची दाढ काढायची ठरली आणि पंचाईत झाली. कवचात दातांचा स्वतंत्र उल्लेख नाही. मुख आहे, जीभ आहे, कंठ आहे. मग दाढ कुणाच्या हद्दीत? आदल्या रात्री माझ्याशी फोनवर अर्धा तास (चार रामरक्षा) या विषयावर चर्चा झाली. माझं मत पडलं की दात मुखात आले, तेव्हा ते लक्ष्मणावर माया करणाऱ्या रामाकडे. मामांचं म्हणणं, दात हाडाचे, मुख म्हणजे मोकळी जागा, तेव्हा नुसतं मुख म्हणून चालणार नाही. शेवटी त्यांनी तो चरण दोनदा म्हणायचा असं ठरवलं. पाठीचंही तसंच. त्यांना कंबरेच्या वर, मणक्यात, एक जुनी चमक आहे. कंबर सुग्रीवाच्या मालकाकडे आहे, खांदे आहेत, हृदय आहे, पाठ म्हणून काही नाही. पण पुढे सगळं अंगच रामाकडे सोपवलेलं आहे, त्यामुळे ते निर्धास्त असतात. ‘किरकोळ खात्यात टाकायचं. खातं महत्त्वाचं नाही, बिल पास झाल्याशी कारण.’

ही विद्या त्यांना मिळाली त्यांच्या आजीकडून, आणि एका रात्रीत. ११ डिसेंबर १९६७. पहाटे चारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. तिकडे घाटमाथ्यावर कोयनानगर पार उद्ध्वस्त झालं. इकडे चिपळुणात मामांच्या घराची कौलं घसरली, चुलीवरची उतरंड कोसळली, गोठ्यातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. मामा दहा वर्षांचे. आजीने सगळी पोरं अंगणात काढली, एकेकाला मोजलं, आजोबांना कंदील विझवायला लावला (चुलीतला विस्तवही आधी विझवला, हे मामा आवर्जून सांगतात) आणि मग थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना घोंगडीखाली घेऊन रामरक्षा सुरू केली. त्यानंतरही धक्के बसत राहिले. लोक कित्येक रात्री अंगणात झोपले. तेवढ्या दिवसांत आजीच्या तोंडून ऐकून ऐकून मामांना ती पाठ झाली. पुस्तक त्यांनी फार नंतर बघितलं.

ऐकून पाठ केल्यामुळे तिच्यात चुका आहेत. भरपूर. विसर्ग तर बरेचसे कोयनेतच गेले असावेत. शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात, आम्ही त्यांना सर म्हणतो. आयुष्यभर संस्कृत शिकवलं आणि आयुष्यभर देव मानला नाही. सरांना मामांच्या रामावर आक्षेप नाही, उच्चारांवर आहे. संध्याकाळी मामांनी ओटीवर सुरुवात केली की भिंतीपलीकडून सरांची दुरुस्ती येते. मामा ती ऐकतात, मान डोलावतात आणि पुढच्या दिवशी तस्सं म्हणतात.

‘अहो, चूक आहे ते,’ सर कळवळून म्हणतात. ‘अर्थच लागत नाही त्याचा!’

‘भूकंपात चाललंय ते,’ मामा म्हणतात.

या एका वाक्यापुढे सरांचं व्याकरण हरतं. पण सरांचीही एक जागा आहे. शेवटाकडे एक श्लोक आहे, ज्यात राम सगळ्या विभक्त्यांतून चालत जातो, प्रथमेपासून संबोधनापर्यंत. सर तो वर्गात विभक्ती शिकवायला वापरत. तो श्लोक आला की भिंतीपलीकडून सरांचा आवाजही मिसळतो, अगदी खणखणीत. हे ते भक्ती म्हणून करत नाहीत हे त्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितलेलं आहे.

२२ जुलै २०२१. त्या दिवसाबद्दल चिपळूणकराला काही विचारू नये, विचारलंत तर मग दोन तास बसावं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि चढतच गेलं. मामांच्या भिंतीवर २००५च्या पुराची तेलरंगाने काढलेली रेघ होती. ‘यावर येणार नाही’ असं ती रेघ दाखवून मामा गेली सोळा वर्षं पाहुण्यांना सांगत. त्या दिवशी पाणी रेघेवरून निमूट वर गेलं. मामांनी काय केलं, तर पहिल्यांदा मेन स्विच बंद केला. मग शेजारच्या चार घरांत ओरडून मेन बंद करायला लावले. मग इन्व्हर्टरची बॅटरी वर नेली, गॅस सिलिंडर दोरीने बांधला, मामीची गुडघेदुखीची औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. गच्चीवरून फळी टाकून सर आणि सरांच्या मिसेस यांना आपल्या माडीवर घेतलं. खाली फ्रिज आडवा होऊन हळूहळू स्वयंपाकघरातून हॉलमध्ये निघालेला दिसत होता. हे सगळं झाल्यावर मामा माडीच्या जिन्यात बसले आणि सुरू केलं.

किती वेळा म्हटली ते मामांनाही सांगता येत नाही. बाहेर काळोख, पावसाचा आवाज, मधूनच कुणाच्या तरी गच्चीवरून हाका. मामी सांगते की रात्री कधीतरी तिच्या लक्षात आलं, आवाज एक नाही, दोन आहेत. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर, डोक्यावरून टॉवेल घेऊन, पहिल्या श्लोकापासून म्हणत होते. एक विसर्ग न गाळता. मामांनी वळून बघितलं.

‘विभक्त्या म्हणतोय,’ सर म्हणाले.

‘म्हणा म्हणा,’ मामा म्हणाले. ‘षष्ठीला जरा जोर लावा, पाणी पायरीला लागलंय.’

पाणी ओसरल्यावर दोघांनी मिळून चिखल उपसला. उच्चारांवरून भांडण चौथ्या दिवशी पूर्ववत सुरू झालं आणि गल्लीला हायसं वाटलं.

सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे मामांना शेजारी बसवून गाडी चालवणं. मी गाडी बरी चालवतो, बायकोही तसं म्हणते. पण मामा पुढच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय चटईत ब्रेक शोधत राहतो, डावा हात वरच्या कडीला, आणि रामरक्षा सुरू. साधा रस्ता असला की मध्यम लय. पुढे ट्रक दिसला की द्रुत. ओव्हरटेक करायला गेलो की एकदम वरच्या पट्टीत, आणि ट्रक मागे पडला की तो श्लोक सुस्कारा सोडल्यासारखा उतरतो. खंबाटकी घाटात मी वैतागून म्हटलं, ‘मामा, माझं लक्ष विचलित होतंय तुमच्याने.’ त्यांनी श्लोक पुरा केला आणि शांतपणे म्हणाले, ‘तू गाडीकडे बघ. रामाकडे मी बघतोय.’

आता यावर काय बोलणार?

मामांची लेक टोरांटोला असते. ती यायची-जायची झाली की मामी आठवडाभर लोणची-मसाले भरते आणि मामा एक रात्र जागतात. मोबाइलवर विमान कुठे आहे ते दिसतं, हे जावयाने त्यांना शिकवलं आणि मामीच्या झोपेचं वाटोळं केलं. उड्डाणाला एक, उतरताना एक, आणि मधे विमान समुद्रावर आलं की एक. पहाटे तीनला अंधारात मोबाइलचा निळा उजेड आणि मामांचा आवाज, ‘अगं, काळा समुद्र ओलांडला.’ मामी म्हणते, ‘तिने ओलांडला ना? मग तुम्ही झोपा.’ पाताळात, जमिनीवर आणि आकाशात फिरणाऱ्या कपटी शक्तींचा बंदोबस्त रामरक्षेत एकाच श्लोकात केलेला आहे. मामांच्या हिशोबात ते म्हणजे अंडरग्राउंड केबल, डीपी आणि ओव्हरहेड लाइन. विमान ओव्हरहेडमध्ये येतं. एकदा विमान फ्रँकफर्टला पाच तास रखडलं, तर मामांनी आम्हा सगळ्यांना वेठीला धरलं. ‘मी एकटा किती म्हणू? शिफ्ट लावा.’

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, काय हा जाच. जाच आहेच. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. म्हणायला बसण्याआधी मामा डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात. मला वाटायचं संकल्प असेल, गोत्र-नाव वगैरे. निसर्ग वादळाच्या दिवशी, ३ जून २०२०, लॉकडाऊनमध्ये मी तिथेच अडकलेलो होतो. वारं असं सुटलं होतं की माड जमिनीला टेकतील असं वाटावं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो म्हणून ऐकू आलं. ती यादी होती. लेक, जावई, नात. मी, माझी बायको. सर. सरांच्या मिसेस. दूधवाला, ‘गुहागर गाडीचा तो डोळ्याने अधू ड्रायव्हर’, मांजर. आणि शेवटी: ‘दापोली सेक्शनची पोरं, मंडणगड सेक्शनची पोरं, उद्या चढतील ती सगळी.’ त्या वादळाने रायगडात आणि दापोली-मंडणगडात विजेचे खांब काडीसारखे झोपवले आणि बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसं कामाला आली. मामांना रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांतली निम्मी पोरं त्यांनी पाहिलेलीही नव्हती. यादीत स्वतःचं नाव मात्र मला काही ऐकू आलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ‘मी म्हणतोय ना? मग मला कशाला?’

गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भूल अशी नसते, थेंब घालून डोळा बधिर करतात, माणूस जागाच असतो. आत नेताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजोबा, अगदी स्तब्ध पडायचं. बोलायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत.’ मामांचा चेहरा जो पडला तो ऑपरेशनच्या भीतीने नव्हे. ते स्ट्रेचरवरून वळून आमच्याकडे बघत म्हणाले, ‘आता तुम्ही म्हणून ठेवा.’

दार बंद झालं. मामी, मी, मावसभाऊ आणि सर बाकावर बसलो. कुणालाच संकोच वाटू नये म्हणून कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुरुवात मी केली. लहानपणी शंभरदा ऐकलेली, दिवेलागणीला पेंगत पेंगत म्हटलेली, तोंडपाठ अशी माझी समजूत. डोळे, कान, नाक, मुख इथपर्यंत झोकात गेलो आणि हृदयापाशी अडकलो. मामीने उचलली. ती मामांच्या चुकांसकट म्हणत होती, कारण तिच्या कानावर तीच पडत आलेली. सरांना ते सहन होईना, ते मधेमधे दुरुस्त करू लागले. मामी म्हणाली, ‘सर, तुम्ही थांबा, माझी लिंक तुटते.’ ती तुटलीच. मावसभावाने मोबाइलवर शोधली, तर आधी एका गुंतवणूक योजनेची जाहिरात लागली आणि ती पूर्ण आवाजात सगळ्या मजल्याला ऐकू गेली. नर्सने येऊन दटावलं. शेवटी तुकडे जोडून, कुणी पुढे कुणी मागे, विभक्त्यांचा श्लोक सरांनी एकट्याने धडधडीत म्हणून, आम्ही कशीबशी तडीला नेली.

पंधरा-वीस मिनिटांनी मामा बाहेर आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आमच्यावर. ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. दाराला फट होती आणि त्यांचे कान, जे विश्वामित्राच्या लाडक्या शिष्याकडे आहेत, शाबूत होते.

‘गुडघ्यांचा श्लोक गाळलात,’ मामा म्हणाले. ‘हिला दोन जिने उतरायचेत. लिफ्ट बंद आहे इथली.’

आणि व्हीलचेअर थांबवून, भर कॉरिडॉरमध्ये, त्यांनी तेवढा श्लोक मामीकडे बघत म्हटला, चुकांसकट.